आमचे मेडिची भामला राहायचे

दिवाळीत गावी गेलो होतो. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. वाड्याचा अर्धा भाग पडलेला, उरलेल्या अर्ध्यात टीव्ही. पुतण्याने मोबाईल जोडून त्या टीव्हीवर मेडिची घराण्याची मालिका लावली होती. फ्लॉरेन्सचं मोठं चर्च, रविवारची प्रार्थना चाललेली, आणि ऐन प्रार्थनेत ज्युलियानो मेडिचीवर खंजिराचे वार. १४७८ सालची, २६ एप्रिलची गोष्ट. मारणारे दुसऱ्या सावकार घराण्यातले पाझी, त्यांच्या मागे पिसाचा आर्चबिशप, आणि त्याच्याही मागे खुद्द पोपचा पुतण्या.

काकाजी तंबाखू मळत बघत होते. म्हणाले, "पाय बरं, देवळात मारून टाकला माणूस! कायचे लोक रे हे. आपल्यात असं नव्हतं बाप्पा. आपल्याले फितुरीनं बुडवलं, नाही त आपले राजे..."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. लग्नात, तेरवीला, पारावर, हल्ली व्हॉट्सॅपवरही. "फितुरीनं बुडवलं." इतिहासाचं सगळं पुस्तक या दोन शब्दांत आवरून ठेवायचं आणि तंबाखू थुंकायला उठायचं. तेव्हा काही बोललो नाही. मोठ्यांसमोर वाद घालायचा नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे. पण ब्लॉगवर घालायला हरकत नसावी. काकाजी वाचणार नाहीत, त्यांची पोरं मात्र नक्की वाचतात. मुद्दाम त्यांच्यासाठीच लिहितोय.

तर मंडळी, मुद्दा असा, की फितुरीनं आपल्याला बुडवलं हे अर्धसत्य आहे आणि आळशी अर्धसत्य आहे. आणि "आपल्यात असं नव्हतं" हे तर साफ खोटं. फ्लॉरेन्सला जायची गरजच नाही. यवतमाळची एसटी पकडली तरी पुरे.

यवतमाळच्या दक्षिणेला भाम नावाचं गाव आहे. नागपूरला जायच्या आधी भोसल्यांचं ठाणं या भामला होतं. परसोजी भोसले हे या घराण्यातले पहिले सेनासाहेब सुभा. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा परसोजी आधी त्यांना जाऊन मिळाले, त्याचं हे बक्षीस. ते १७०९ साली वारले आणि मुलगा कान्होजी गादीवर आला. कान्होजीला बरीच वर्षं मूलबाळ नव्हतं, म्हणून पुतण्या रघूजी त्याच्याजवळ राहायचा. मुलासारखाच. मग कान्होजीला मुलगा झाला, रायाजी. पुढं काय झालं असेल हे ज्याच्या घरात शेती आहे त्याला सांगावं लागणार नाही.

रघूजी घर सोडून गेला. थोडे स्वार घेऊन आधी देवगडच्या गोंड राजाकडे, मग एलिचपूरला आणि शेवटी साताऱ्याला शाहूंकडे. तिथं नशीब उघडलं. शाहूंच्या राणीच्या माहेरच्या, शिर्क्यांच्या घरातली मुलगी त्याला दिली गेली, म्हणजे थेट राजाचा साडू. इकडे कान्होजीचं आणि शाहूंचं बिनसत चाललं होतं, वसुलाचा हिशेब वेळेवर पोचत नव्हता. १७३० च्या सुमारास चुलत्याला पकडण्याची कामगिरी पुतण्यालाच मिळाली. भामवर फौज आली, कान्होजी निसटला, आणि वणीजवळच्या मंदर गावी पुतण्याने त्याला गाठून कैद केलं. पुढचं आयुष्य कान्होजीने साताऱ्याच्या कैदेत काढलं, तिथंच संपला. सेनासाहेब सुभा हे पद रघूजीकडे आलं.

आता सांगा, यात फितूर कोण? रघूजी? त्याला तर खुद्द छत्रपतींचा हुकूम होता. कान्होजी? तो आपल्या बापाची गादी आणि आपल्या पोराचा हक्क राखत होता. शाहू? त्यांना हिशेब हवा होता. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि तरी म्हातारा चुलता बेड्यांत आहे. ही फितुरी नव्हे. गादी कुणाची याचा ठरलेला नियम नसला की असं होतं. मोठ्या मुलाची? दत्तकासारखा वाढवलेल्या पुतण्याची? की साताऱ्याहून ज्याच्या नावाचं पत्र येईल त्याची? तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी मानली जात होती. मग चौथं उत्तर तलवारीचं.

काहीजण म्हणतील, बरंच झालं की! रघूजी पराक्रमी निघाला. ओडिशापर्यंत मुलूख मिळवला, १७५१ साली बंगालच्या नवाबाला चौथाईचे बारा लाख कबूल करायला लावले. भांडणातून लायक माणूस वर आला. मेडिचींबद्दलही असंच बोलतात. लोरेन्झो नसता तर बॉत्तिचेल्ली कुठला आणि मायकेलअँजेलो कुठला.

मला हा युक्तिवाद जरा धोक्याचा वाटतो. एकदा लायक माणूस निघाला, ठीक. पण त्याच दाराने पुढच्या वेळी कोण येईल? लोरेन्झो १४९२ ला गेला आणि दोनच वर्षांत त्याचा मुलगा पिएरो याला फ्लॉरेन्सने हाकलून दिलं. १५१२ ला घराणं परत आलं, आणि जुन्या राजवटीतला मॅकियाव्हेली नावाचा कारकून कटाच्या संशयावरून तुरुंगात पडला. त्याचे हात मागे बांधून दोरीने टांगून छळ केला. सुटल्यावर त्याने राज्य कसं टिकवावं यावर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिलं आणि मेडिचींनाच अर्पण केलं! बिचाऱ्याला नोकरी हवी होती.

आणि आमचा रघूजी? त्याने स्वतः परक्याच्या घरातल्या भांडणाचा फायदा कसा घ्यायचा ते दाखवून दिलं. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला, वलीशाहाने गादी बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने मदतीला बोलावलं ते रघूजीला. त्याने वलीशाहाला हटवलं, राणीच्या दोन मुलांना गादीवर बसवलं आणि मोबदला घेऊन तो परतला. पुढं त्या दोन भावांत, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहात, बिनसलं. पुन्हा रघूजी. या वेळी आला तो राहायलाच. १७४३ च्या सुमारास देवगडचं राज्य भोसल्यांचं झालं, बुऱ्हाणशहा नावाचा राजा आणि पेन्शनर उरला, आणि नागपूर राजधानी झालं. म्हणजे ज्या नागपूरचा आम्हा वऱ्हाडकरांना एवढा अभिमान (आणि थोडा रागही, असो), ते आपल्याकडे आलं तेच दोन भावांच्या भांडणातून. तिसऱ्याला बोलावलं की तो जात नाही, हा धडा रघूजीने दुसऱ्यांना शिकवला. स्वतःच्या मुलांना शिकवायचा राहिला.

रघूजी १७५५ साली गेला. मागे चार मुलगे. जानोजी वयाने मोठा, पण धाकट्या राणीचा. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचा. झालं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नियम नाही. प्रकरण पुण्याला पेशव्यांकडे गेलं. निवाडा जानोजीच्या बाजूने लागला आणि सात लाखांचा नजराणा ठरला. निवाडा करणाऱ्याची फी म्हणा हवं तर. मुधोजीला चांदा, बिंबाजीला छत्तीसगड, साबाजीला वऱ्हाडातला मुलूख आणि दारव्हा. होय, आमचं दारव्हा एका भावाच्या हिश्शात आलं होतं. सातबारा तेव्हा नव्हता एवढंच.

जानोजी शहाणा होता असं मला वाटतं. त्याला मूल नव्हतं. त्याने जिवंतपणीच मुधोजीचा मुलगा रघूजी याला दत्तक ठरवलं, पेशव्यांची संमतीही मिळवली. कागद पक्का. पण १७७२ च्या मे महिन्यात तो गेला आणि कागद हवेत उडाला. विधवा दर्याबाईने साबाजीची बाजू घेतली. पुण्यात नारायणराव पेशवे साबाजीच्या बाजूला, तर राघोबादादा मुधोजीच्या. म्हणजे पुण्याचं चुलत्या-पुतण्याचं भांडण आणि नागपूरचं भावाभावाचं भांडण, दोन्ही एकमेकांना तेल घालत होती. १७७३ ला अकोल्याजवळ कुंभारीला लढाई झाली, निकाल लागला नाही. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. आणि २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावला दोघे भाऊ पुन्हा समोरासमोर आले.

मुधोजी हरत आला होता, वेढला गेला होता. साबाजी आपला हत्ती पुढं घालून भावाजवळ गेला, शरण ये म्हणून सांगायला. मुधोजीने पिस्तूल काढून त्याला गोळी घातली. स्वतःच्या भावाला. लढाई संपली आणि वादही संपला.

काकाजी, हे चर्चमध्ये नाही झालं, एवढाच काय तो फरक.

आणि हे शेवटचंही नव्हे. पुढच्या पिढीत परसोजी गादीवर आला तो आंधळा, पांगळा. कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबाकडे. १८१६ च्या मे महिन्यात अप्पासाहेबाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला, कारण दरबारातल्या दुसऱ्या गटापुढे त्याला पाठबळ हवं होतं. १ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. खून होता. अप्पासाहेब तेव्हा नागपुरात नव्हता, चांद्याला होता, पण कुणाच्या भल्यासाठी खून झाला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वर्षाच्या आत तोच अप्पासाहेब सीताबर्डीला इंग्रजांविरुद्ध लढून हरला. पुढं कैद, पलायन, आणि शेवटी जोधपूरच्या आश्रयाला राहून १८४० ला मरण. आमची मंडळी त्याला कधी देशभक्त म्हणतात, कधी खुनी. तो दोन्ही होता. माणसं अशीच असतात, इतिहास सोपा करायची घाई आपल्याला असते.

त्याच धामधुमीत दुसरे बाजीराव पळत पळत आमच्या जिल्ह्यात आले होते. १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने त्यांच्या फौजेचा पराभव केला. जून उजाडताच पेशवाई संपली. हे बाजीराव कोण? राघोबांचे चिरंजीव. बापाने पुतण्याच्या गादीसाठी १७७५ ला सुरतेला इंग्रजांशी तह केला, आणि मुलाने होळकरांच्या भीतीने १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला केला. दोन्ही वेळा इंग्रज चढाई करून आत शिरले नाहीत. त्यांना पाट मांडून बोलावलं होतं.

इटलीत हेच झालं होतं, तीनशे वर्षं आधी. मिलानचा लुडोव्हिको स्फोर्झा अल्पवयीन पुतण्याच्या नावाने कारभार बघायचा. पुतण्या मोठा झाला तरी कारभार सोडवेना. त्यात पुतण्याचं सासर नेपल्सचं राजघराणं. मग या काकाने फ्रान्सच्या राजाला नेपल्सवर स्वारी करायला प्रोत्साहन दिलं. १४९४ ला फ्रेंच फौज आल्प्स ओलांडून आली, पुतण्या त्याच वर्षी मेला, काका ड्यूक झाला. सहा वर्षांनी फ्रेंचांनी त्याच काकाला पकडून नेलं, तो फ्रान्सच्या कैदेतच गेला. आणि इटली १५५९ पर्यंत परक्यांच्या फौजांचं मैदान झाली. स्फोर्झाच्या जागी राघोबा ठेवा, आल्प्सच्या जागी सह्याद्री. विशेष काही बदलत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फितुरी म्हणजे काय? एक माणूस वाईट निघाला. म्हणजे बाकी सगळं ठीक होतं. हे ऐकायला बरं वाटतं, कारण मग आपल्याला काही बदलावं लागत नाही. फक्त पुढच्या वेळी वाईट माणूस ओळखायचा! पण चार पिढ्यांत, तीन शहरांत आणि दोन खंडांत तोच खेळ पुन्हा पुन्हा होतो, तेव्हा खोट माणसात कमी आणि व्यवस्थेत जास्त असते. राज्य ही घरची मालमत्ता मानली, वारसाचा नियम सगळ्यांना मान्य असा ठरवला नाही, आणि निवाडा करायला ज्याला आणलं त्याचाच त्या मालमत्तेवर डोळा. या तीन गोष्टी एकत्र आल्या की साधुसंतांच्या घरातही पाचगाव होईल.

आणि यात रयत कुठं आहे? बखरीत नसते. वऱ्हाडात दोअमली होती, निजामाचाही वसूल आणि भोसल्यांचाही वसूल. एकाच वावरातून दोघांची माणसं हिस्सा न्यायची. त्यावर भावाभावांच्या फौजा. फौज मुक्काम करते ती कुणाच्या तरी शेतात, तिची घोडी खातात ती कुणाची तरी ज्वारी. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, निजामाला मिळाला. १८५३ ला निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आमच्या पणजोबांच्या आज्याला यातलं काही कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. रतनकुंवर, दर्याबाई, आणि पुढं नागपूरचा कारभार हाकणारी बाकाबाई. या बायका इतिहासात "कारस्थानी" म्हणून येतात. अहो, त्यांना गादीवर हक्कच नव्हता. ज्याला हक्क नाही त्याला बोलायचं तर कुणाच्या तरी गटातूनच बोलावं लागतं. हक्क दिला असता तर कारस्थान कशाला केलं असतं?

पाचगावला भावाने भावाला मारलं ती तारीख पुन्हा बघा. २६ जानेवारी. बरोबर १७५ वर्षांनी, १९५० ला, त्याच तारखेला आपण ठरवलं की सत्ता कुणाकडे जाणार याचा नियम लेखी असेल आणि तो रयत ठरवेल. निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३. मधल्या काळात दुसरे किती आले आणि गेले. काका-पुतणे दोघेही त्या खुर्चीवर बसले आणि मंदरला कुणाला बेड्या पडल्या नाहीत. घराणेशाही संपली असं मी म्हणत नाही, डोळे आहेत मला. पण खुर्ची रिकामी करण्यासाठी पिस्तूल लागत नाही, ही छोटी गोष्ट नाही.

हे सगळं मी का लिहितोय ते माझ्या नातेवाइकांना एव्हाना कळलं असेल.

आमचं वावर आजही सामाईक आहे. आजोबा गेल्यापासून सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आणि पेरतो कोण, तर ज्याचा आवाज मोठा. विहिरीच्या पाण्यावरून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. वकिलाच्या फीमध्ये आतापर्यंत एक ट्रॅक्टर आला असता. आणि आता आमच्यातल्याच एकाने आपला न वाटलेला हिस्सा एका प्लॉटवाल्याला द्यायचं बोलणं सुरू केलंय, दुसऱ्या भावाची जिरवायची म्हणून. दिवाळीत ओसरीवर दबक्या आवाजात सगळे म्हणत होते, "फितूर निघाला तो."

नाही हो. फितूर नाही निघाला. वीस वर्षं त्याला कुणी सांगितलंच नाही की त्याचा तुकडा कुठला. तो फक्त रघूजीसारखा साताऱ्याला गेलाय. आणि प्लॉटवाला एकदा हिस्सेदार झाला की वाटणी मागायला तो स्वतः कोर्टात उभा राहील. मग शिवणी फार लांब नाही.

म्हणून मोठ्या काकाजींना आणि सगळ्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या अक्षय्य तृतीयेला सगळे गावी या. सगळे म्हणजे आत्याही आणि ताईही. "त्या कायले?" असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. त्यांच्याकडून हक्कसोडीवर सही घ्यायची आणि वर साडी द्यायची, हा जुना खेळ या वेळी नको. ज्यांना सोडायचं असेल त्या आपणहून सोडतील, पण आधी विचारा तर. सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे संमतीनं वाटणी होऊन प्रत्येकाचा वेगळा सातबारा निघतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही त्याच कागदावर लिहून घेऊ.

मला कमी आलं तरी चालेल. मी पुण्यात बसून वावर पेरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाटणी मला लेखी पाहिजे, आणि काकाजी डोळ्यांनी बघत असताना पाहिजे.

काकाजींना एवढंच सांगा, की इटलीचे लोक आपल्यासारखेच होते, आणि आपण त्यांच्यासारखे. ऐकून चिडतील. चिडू द्या. मग विचारा, मंदरला काय झालं होतं ते माहीत आहे का. वणीला त्यांची सासुरवाडी आहे, गाव त्यांच्या ओळखीचं आहे.

असो. फार लांबलं. अक्षय्य तृतीयेला भेटू.